खाली गाळे, वर ऑफिसं: कमी विजेत चालणारी इमारत कशी बांधायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बाणेर असो, ठाण्याचा घोडबंदर रोड असो की नाशिकचा कॉलेज रोड, शहरातली नवी व्यावसायिक इमारत आता साधारण एकाच साच्यातली असते. तळमजल्यावर गाळे, पहिल्यावर बँक किंवा रेस्टॉरंट, वर आठ-दहा मजले ऑफिसं आणि जमिनीखाली पार्किंग. अशा इमारतींच्या वीजवापरावर सल्ला देणं हे माझं रोजचं काम. बिल्डर, आर्किटेक्ट, गाळेधारक आणि भाड्याने जागा घेणाऱ्या कंपन्या पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. आकडे पुणे-मुंबईच्या अक्षांशाचे आणि हवामानाचे धरले आहेत.

इमारत वीज कमी खाते की जास्त, हे मोजायचं कसं?

वर्षभराच्या सगळ्या बिलांतले युनिट एकत्र करा, डीजी सेटवर (डिझेल जनरेटरवर) तयार झालेले युनिट त्यात मिळवा आणि पार्किंग सोडून उरलेल्या बांधीव क्षेत्रफळाने भागा. येणारा आकडा म्हणजे ईपीआय, चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट. बीईईने (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने) ऑफिस इमारतींना तारे द्यायला सुरुवात केली, तेव्हा उष्ण-दमट हवामानातल्या, निम्म्याहून जास्त वातानुकूलित इमारतीला पाच तारे मिळवायला हा आकडा १०० च्या खाली आणावा लागत होता. २०० च्या आत आली, तर एका ताऱ्यापासून सुरुवात.

मिश्र वापराच्या इमारतीत मात्र एकच सरासरी काढू नका. रेस्टॉरंटचं किचन किंवा आइस्क्रीमचं दुकान चौरस मीटरमागे ऑफिसच्या कितीतरी पट वीज घेतं. सगळं एकत्र मिसळलं की वरची चांगली ऑफिसं वाईट दिसतात आणि खालचा गळका फ्रीझर दिसतच नाही. गाळे, ऑफिसं आणि कॉमन सेवा (लिफ्ट, पंप, पार्किंग, लॉबी) असे किमान तीन हिशोब वेगळे ठेवा.

सुरुवात कुठून करायची? चांगला एसी निवडण्यापासून?

एसी शेवटून दुसरा. सुरुवात उन्हापासून.

आपल्याकडचं ऊन युरोपातल्या पुस्तकांसारखं वागत नाही, हे आधी समजून घ्यावं लागतं. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, पायाखालची सावली नाहीशी होते. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो दुपारी चक्क उत्तरेला असतो. डिसेंबरात मात्र दक्षिणेला झुकतो, दुपारी क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर.

याचा अर्थ भिंतीवार असा निघतो. दक्षिणेच्या खिडकीवर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचं ऊन येतच नाही. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असतात तेव्हा दीड मीटर उंचीच्या खिडकीला अर्ध्या मीटरचा छज्जा दुपारी पुरतो. हिवाळ्यात तेवढाच छज्जा खिडकीचा जेमतेम वरचा तिसरा हिस्सा झाकतो. ऑफिस इमारतीला थंडीतलं ऊनही नको असतं, कारण माणसं, कॉम्प्युटर आणि दिवे यांची उष्णता आत वर्षभर असतेच. म्हणून एकच मोठा छज्जा काढण्यापेक्षा खिडकीचे आडवे दोन भाग करून प्रत्येकावर सव्वादोन फुटांचा छज्जा काढणं बरं. सावली पूर्ण मिळते, आणि मधला छज्जा वरून पांढरा ठेवला तर त्याच्यावर पडलेला उजेड छतावर परतून ऑफिसच्या आतपर्यंत पोचतो.

पूर्व आणि पश्चिम ही खरी अडचण. तिथे सूर्य समोरून, खालून येतो. छज्जा कितीही मोठा केला तरी चार वाजताचं ऊन त्याच्याखालून सरळ टेबलावर येतं. तिथे उभी फळी, जाळी, खोल गॅलरी किंवा सरळ बंद भिंत हेच उपाय आहेत. उत्तरेला लोक काहीच करत नाहीत, पण मे ते जुलै सकाळ-संध्याकाळी तिरकं ऊन उत्तरेच्या खिडकीतही शिरतं. तिथे एखाद-दीड फुटाच्या उभ्या पट्ट्या पुरतात.

म्हणून प्लॉटवर इमारत पूर्व-पश्चिम लांब आणि उत्तर-दक्षिण अरुंद बसवता आली तर निम्मं काम पहिल्या नकाशातच होतं. मजल्याची रुंदी १५-१६ मीटरच्या आसपास ठेवली तर दोन्ही बाजूंचा उजेड मध्यापर्यंत पोचतो. पुढे कितीही पैसे घातले तरी इतकी स्वस्त बचत पुन्हा मिळत नाही.

आमचा रस्ता पश्चिमेला आहे. गाळ्यांची तोंडं रस्त्याकडेच ठेवावी लागणार. मग?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, कारण शहरातल्या प्लॉटला दिशा निवडायची मुभा नसते. त्याचं उत्तर मुंबईत सव्वाशे वर्षांपूर्वीच देऊन झालं आहे. फोर्टातल्या दादाभाई नौरोजी रोडवरून चालत जा. खाली दुकानं, वर ऑफिसं, म्हणजे तुमचीच मिश्र वापराची इमारत. आणि फुटपाथवर सलग कमानींची पडवी. १८९६ च्या नियमानेच ती पडवी बंधनकारक झाली होती. चालणाऱ्याला ऊन-पाऊस लागत नाही आणि दुकानाची दर्शनी काच कायम सावलीत राहते. आजच्या गाळ्यांपुढे अडीच-तीन मीटरची पडवी ठेवली तर पश्चिमेच्या दुकानाचा एसी लक्षणीय लहान होतो आणि गिऱ्हाईक पावसात दुकानापुढेच थांबतं. गाळेधारकाला दुसरा मुद्दा लगेच पटतो, म्हणून तोच आधी सांगा.

वरच्या मजल्यांवर पश्चिमेला जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहं, स्टोअर (सर्व्हर रूम नव्हे), डक्टचे शाफ्ट अशी कमी माणसांची जागा लावा. ती पट्टी उन्हाला अंगावर घेते आणि काम करणारी माणसं तिच्यामागे गारव्यात राहतात.

भाडेकरूंना पूर्ण काचेची इमारत हवी असते. चांगली काच लावली तर चालेल ना?

हिशोब करून बघू. मार्च-एप्रिलच्या निरभ्र दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊन पडतं. साधी एकेरी काच त्यातला ८० टक्के भाग आत सोडते. म्हणजे १० चौरस मीटर काचेतून पावणेपाच किलोवॅटच्या आसपास उष्णता आत येते. एक टन एसी साडेतीन किलोवॅट उष्णता काढतो. म्हणजे अवघ्या १० चौरस मीटर काचेसाठी जवळजवळ दीड टनाचा एक एसी, आत माणूस बसायच्या आधीच.

काचेच्या पत्रकावर ‘एसएचजीसी’ हा आकडा असतो. पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येणार, हे तो सांगतो. २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने आपल्या हवामानात उत्तर सोडून बाकीच्या दिशांना हा आकडा ०.२७ पर्यंतच ठेवायला सांगितला आणि काचेचं प्रमाण दर्शनी भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंत. ०.२७ ची काच लावली तर वरचे पावणेपाच किलोवॅट १.६ वर येतात. फरक मोठा आहे, नाकारायचं कारण नाही. पण इतक्या गडद काचेतून उजेडही कमी येतो, आणि मग दिवसा दिवे लागतात.

एका पूर्ण काचेच्या इमारतीत मी दुपारी तीन वाजता पाहणीला गेलो होतो. पश्चिमेच्या सगळ्या मजल्यांवर पडदे बंद, काही ठिकाणी काचेवर तपकिरी कागद चिकटवलेला, आणि आत सगळे दिवे चालू. बाहेरचं दृश्य दाखवण्यासाठी घातलेली काच कर्मचाऱ्यांनीच कागदाने झाकून टाकली होती. त्या दुपारनंतर मी काचेच्या बैठकीत दर वेळी हेच सांगतो: बसल्यावर डोळ्यांच्या पातळीत येणारी आणि त्याच्या वरची काच उपयोगाची. टेबलाच्या खालच्या काचेतून उपयोगाचा उजेड येत नाही, उष्णता मात्र येते. तिथे भिंत बांधा आणि बाहेरून हवी तर काचेसारखी दिसणारी पट्टी लावा. दर्शनी भागाचं ३० टक्के प्रमाण नीट जागी असेल तर ते पुरतं.

भिंतीबद्दल एवढंच: २०० मि.मी. एएसी (हवेच्या बुडबुड्यांच्या हलक्या काँक्रीटच्या) ब्लॉकची भिंत २३० मि.मी. विटांच्या भिंतीच्या निम्म्याहून कमी उष्णता आत सोडते आणि वजनाला हलकी असते. निवड अवघड नाही.

एसीशिवाय ऑफिस इमारत चालवता येते का?

झिंबाब्वेच्या राजधानीत, हरारेमधलं ईस्टगेट सेंटर हे याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण, आणि तीही खाली दुकानं, वर ऑफिसं अशीच इमारत आहे. वास्तुविशारद मिक पिअर्स आणि अरुप कंपनीचे अभियंते यांनी ती उभी केली, १९९६ मध्ये ती सुरू झाली. नऊ मजल्यांच्या दोन समांतर इमारती, मध्ये काचेच्या छताचा उंच चौक. वारुळाच्या आत तापमान कसं सांभाळलं जातं, या विचारावरून कल्पना निघाली असं तिच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. प्रत्यक्षातली युक्ती साधी आहे. रात्री पंखे थंड हवा ओढतात आणि पोकळ काँक्रीटच्या जमिनींमधून खेळवतात. काँक्रीट गार पडतं. दिवसा तेच काँक्रीट खोलीतली उष्णता शोषून घेतं. तापलेली हवा वर चढून धुराड्यांवाटे बाहेर जाते. बाहेरच्या भिंतींना काच फक्त चतुर्थांशाच्या आसपास आणि तीही खोल सावलीत. त्या शहरातल्या पूर्ण वातानुकूलित इमारतींपेक्षा तिला सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा लागते.

ही युक्ती पुण्यात चालेल का? हरारे समुद्रसपाटीपासून जवळपास दीड हजार मीटर उंचीवर आहे, तिथे दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असतो. पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये दुपार आणि पहाट यांत १५ अंशांहून जास्त फरक पडतो, हे गच्चीवर झोपलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वाड्यांच्या जाड भिंती आणि चौक याच फरकावर चालत. म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल रात्रीचा गारवा काँक्रीटमध्ये साठवणं पुणे, नाशिक, संभाजीनगर या पठारावरच्या शहरांत शक्य आहे. त्यासाठी फॉल्स सीलिंग काढून छताचं काँक्रीट उघडं ठेवावं लागतं, कारण झाकलेलं काँक्रीट काही शोषू शकत नाही.

मुंबईत हे जमत नाही. मे महिन्यात तिथे दिवस-रात्रीचा फरक सहा-सात अंशांचा, आणि हवेत दमटपणा. पुण्यातही पावसाळ्यात हीच गत. त्यामुळे आपल्यासाठी योग्य रचना म्हणजे मिश्र पद्धत: उघडणाऱ्या खिडक्या, छताचे पंखे आणि रात्रीचं वायुवीजन जिथे आणि जेव्हा चालतं तेव्हा, बाकी काळ एसी. खिडकी उघडली की त्या भागाचा एसी आपोआप बंद होईल असा छोटा स्विच चौकटीत बसवावा. नाहीतर दोन्ही एकदम चालू राहतात.

मग एसी कोणता? व्हीआरएफ की चिलर?

व्हीआरएफमध्ये बाहेरचं एक यंत्र आतल्या अनेक एसींना गारवा पुरवतं; चिलर पाणी थंड करतो आणि ते पाणी इमारतभर फिरतं. पण आधी किती टनांचा, ते ठरवू. बाजारात अजूनही ‘दीडशे फुटाला एक टन’ असा अंदाज चालतो. एक लाख चौरस फुटांच्या इमारतीला त्या हिशोबाने साडेसहाशे टनांहून मोठं यंत्र लागेल. सावली, काच आणि दिवे नीट असलेल्या इमारतीत टनाला चारशे फूट शक्य आहेत, म्हणजे अडीचशे टन. यंत्र मोठं घेतलं की ‘सेफ साइड’ला राहिलो असं वाटतं, पण ते वर्षभर अर्ध्याहून कमी भारावर चालतं, सारखं चालू-बंद होतं आणि पावसाळ्यात हवेतला ओलावा नीट काढत नाही. जोडीला ट्रान्सफॉर्मर, केबल, डीजी सेट आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) हे सगळंच फुगतं. उष्णतेचा भार तासवार सॉफ्टवेअरवर काढून घ्या आणि सल्लागाराकडून त्यातली गृहीतकं लेखी मागा.

आता मिश्र वापराचा खास मुद्दा. ऑफिसांचा भार दुपारी तीन-चारला शिखरावर असतो आणि सातला संपतो. कपड्यांची दुकानं आणि रेस्टॉरंट संध्याकाळी सात ते दहा भरतात. सगळ्यांसाठी एकच चिलर प्लांट ठेवला तर दोन्ही शिखरं एका वेळी येत नाहीत, म्हणून प्लांट दोघांच्या बेरजेपेक्षा लहान लागतो. मिश्र वापराच्या इमारतीला निसर्गतः मिळालेला हा फायदा आहे. पण रात्री नऊला चार दुकानांसाठी ३०० टनांचा चिलर चालवावा लागला तर तो फायदा तिथेच संपतो. म्हणून चिलर असमान आकारांचे घ्या, त्यातला एक फक्त संध्याकाळच्या भाराएवढा. किंवा गाळ्यांना व्हीआरएफ आणि ऑफिसांना चिलर अशी सरळ विभागणी करा. एक लाख फुटांच्या आतल्या, गाळे विकून टाकलेल्या इमारतीत मी बहुधा विभागणीच सुचवतो, कारण देखभालीचे वाद कमी होतात. मोठ्या, एका मालकाच्या इमारतीत पाण्याने थंड होणारा चिलर विजेत बराच पुढे आहे.

पंखे आणि पंप यांना व्हीएफडी (मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारं उपकरण) लावाच. पंख्याचा वेग २० टक्क्यांनी कमी केला की त्याची वीज जवळजवळ निम्मी होते.

रेस्टॉरंटचं किचन विसरू नका. चुलीवरचा हूड हजारो लिटर हवा बाहेर फेकतो आणि ती हवा शेजारच्या वातानुकूलित जागेतून ओढून घेतो. हूडजवळच बाहेरची ताजी हवा सोडणारी वेगळी व्यवस्था नकाशातच हवी, नंतर तिला जागा मिळत नाही.

चिलरला पाणी किती लागतं? आमच्याकडे टँकर येतात.

चिलरने काढलेली उष्णता पाण्याची वाफ करून बाहेर टाकणाऱ्या कूलिंग टॉवरमध्ये टनाला तासाला साधारण सात ते नऊ लिटर पाणी जातं. २०० टन दहा तास चालले तर दिवसाला १४ ते १८ हजार लिटर. पिण्याचं पाणी यासाठी वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इमारतीच्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचं) पाणी गाळून, मऊ करून टॉवरला देता येतं आणि तेवढं सांडपाणी ऑफिस इमारतीत तयारही होतं. एसटीपी नीट चालवायची तयारी नसेल तर हवेने थंड होणारं यंत्र घ्या आणि जास्तीची वीज मान्य करा.

रेडियंट कूलिंगबद्दल ऐकलं. आपल्या दमट हवेत पाणी ठिबकणार नाही का?

यात जमीन किंवा छतातल्या नळ्यांतून थंड पाणी फिरवतात. हवेऐवजी पाणी उष्णता वाहून नेतं, म्हणून पंख्यांची मोठी वीज वाचते. इन्फोसिसने हैदराबादला २०११ च्या सुमारास एकाच इमारतीचे दोन सारखे अर्धे भाग करून त्याची परीक्षा घेतली. एका भागात नेहमीची हवेची यंत्रणा, दुसऱ्यात रेडियंट; माणसं, काच, दिवे सगळं सारखं. रेडियंट भागात वातानुकूलनाची वीज सुमारे एक तृतीयांश कमी लागली आणि बांधणीचा खर्च वाढला नाही. आपल्या देशात, आपल्या हवेत, शेजारी-शेजारी केलेली इतकी स्वच्छ तुलना विरळा आहे. म्हणून मी ती प्रत्येक बिल्डरला सांगतो.

ठिबकण्याची भीती खरी आहे. २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत १४ अंशांच्या खालच्या पृष्ठभागावर दव धरतं. आर्द्रता ८० टक्के झाली तर २१ अंशांवरही धरेल. म्हणून आत येणारी ताजी हवा आधी कोरडी करणारं वेगळं यंत्र लागतं आणि खिडक्या-दारं घट्ट लागतात. वरच्या ऑफिसांत हे जमतं. सतत दार उघडणाऱ्या गाळ्यांत नाही.

एसी किती अंशांवर ठेवावा?

२४ ते २६, जोडीला छताचा पंखा. बीईईच्या म्हणण्यानुसार एक अंश वाढवला की एसीची सुमारे ६ टक्के वीज वाचते. भारतातल्या ऑफिसांत प्रत्यक्ष माणसांना विचारून अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने बसवलेलं आरामाचं सूत्र २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत घेतलं गेलं आहे. आपण उन्हाळ्यात जास्त तापमानही आरामात सोसतो, हे त्यातून दिसतं. ज्या ऑफिसात एप्रिलमध्ये माणसं स्वेटर घालून बसतात, तिथे थर्मोस्टॅट तपासा.

दुकानदार दार उघडं ठेवून एसी चालवतात. त्यांना कसं थांबवणार?

सक्तीने नाही थांबत, कारण उघडं दार म्हणजे गिऱ्हाइकाला बोलावणं. पडवी असेल तर दारासमोरची हवा मुळातच कमी तापलेली असते. दारावर योग्य उंचीचा एअर कर्टन (हवेचा पडदा धरणारा पंखा), दारापासून पहिले दोन मीटर एसीचा झोत न देणं आणि तिथे फक्त पंखा ठेवणं, याने बरंच साधतं. ऑफिसांच्या लॉबीला मात्र दुहेरी दार हवंच. दहा मजली लिफ्टचा शाफ्ट धुराड्यासारखा ओढ घेतो आणि लॉबीची सगळी हवा बदलून टाकतो.

दिवे आणि पार्किंग?

दिव्यांचा प्रश्न एलईडीने बहुतांशी सोडवला. २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत ऑफिसला चौरस मीटरला ९.५ वॅट मुभा होती. आज पाच वॅटमध्ये उत्तम उजेड मिळतो. खिडकीजवळच्या ओळींना वेगळं सर्किट द्या, एवढं विसरू नका. पार्किंगच्या पंख्यांना कार्बन मोनॉक्साइडचे सेन्सर लावा. ते नसले की पंखे दिवसभर रिकाम्या तळघरात फिरतात.

गच्चीवर सोलर लावलं की झालं ना?

दहा मजले, प्रत्येकी १००० चौरस मीटर, ईपीआय १२०. वर्षाला १२ लाख युनिट. गच्चीचं क्षेत्रफळ १००० मीटर, त्यातलं टाक्या, टॉवर, लिफ्टची खोली आणि सावली सोडून ५०० मोकळं. किलोवॅटला १० मीटर धरले तर ५० किलोवॅट, वर्षाला साधारण ७० हजार युनिट. म्हणजे गरजेच्या सहा टक्के. ईपीआय ६० वर आणला तर तेच पॅनल बारा टक्के भागवतात. उंच इमारतीत सोलरचं महत्त्व आधी केलेल्या बचतीवर अवलंबून असतं.

दिल्लीच्या इंदिरा पर्यावरण भवनाने, २०१४ मध्ये उद्घाटन झालेल्या केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या इमारतीने, वर्षाची गरज स्वतःच भागवायचं ध्येय ठेवलं. तिथे पॅनल गच्चीच्या कडेबाहेरही पसरवले आणि ९३० किलोवॅट बसवले. पण त्याआधी चौक, सावली, उत्तर-दक्षिणेला तोंड असलेली मांडणी आणि चिल्ड बीम (छतातल्या थंड पाण्याच्या पट्ट्या) यांनी गरज खाली आणली होती. लावाच सोलर, पॅनलखाली गच्चीला सावलीही मिळते. उरलेल्या भागाला पांढरा चायना मोझेक करा.

दिवसाच्या वेळेनुसार विजेचा दर बदलतो, त्याचा डिझाइनशी काय संबंध?

मोठा संबंध आहे. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी व्यावसायिक ग्राहकांना उन्हाच्या तासांत किमान २० टक्के स्वस्त आणि शिखर तासांत किमान १.२ पट दर ठरवला. ऑफिसं स्वस्त तासांत चालतात, गाळे महाग तासांत. दुपारी चिलरने टाकीतलं पाणी थंड करून ठेवायचं आणि संध्याकाळी ते दुकानांना द्यायचं, ही कल्पना मिश्र वापराच्या इमारतीत सहज बसते. टाकीची जागा तळघराच्या नकाशात राखून ठेवा, टाकी नंतर घेतली तरी चालेल.

कायद्याने काय बंधनकारक आहे?

२००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २००७ मध्ये इमारत संहिता आली, २०१७ मध्ये ती सुधारली. १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए कॉन्ट्रॅक्ट डिमांड असलेल्या व्यावसायिक इमारती तिच्या कक्षेत येतात. २०२२ च्या दुरुस्तीने ही चौकट आणखी रुंदावली. अंमलबजावणी राज्याच्या अधिसूचनेतून होते, म्हणून नकाशा मंजुरीला देण्याआधी महापालिकेत चालू नियम विचारा. ग्रिहा, आयजीबीसी अशी हरित इमारतींची प्रमाणपत्रं ऐच्छिक आहेत. ती चांगली शिस्त लावतात. पण पाटी बांधणीच्या वेळी मिळते आणि बिल दर महिन्याला येतं, म्हणून भाड्याने जागा घेताना पाटीसोबत मागच्या वर्षाचा ईपीआय मागा.

खर्च बिल्डर करणार, बिल भाडेकरू भरणार. बिल्डरने का करावं?

खरी गाठ इथेच आहे, आणि ती इंजिनिअरिंगने सुटत नाही. चांगल्या काचेचा खर्च एकाच्या खिशातून जातो, फायदा दुसऱ्याला मिळतो. गाळे विकून बिल्डर निघून गेला की गळक्या डिझाइनचं बिल पुढची तीस वर्षं दुसरेच भरतात. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण नुकसान टाळता येण्यासारखं असतं.

काही वाटा आहेत. पहिली: सावली आणि कमी काच यांचा खर्च एसी, ट्रान्सफॉर्मर आणि डीजी सेट लहान झाल्याने बहुतेक भरून निघतो, पण हे अंदाजपत्रक एकत्र मांडलं तरच दिसतं. सिव्हिल (बांधकाम) आणि एमईपी (एसी, वीज, पाणी) वेगवेगळ्या फायलीत राहिले तर कोणालाच दिसत नाही. दुसरी: भाडं आणि वीज मिळून जागेचा एकूण मासिक खर्च सांगा. १०,००० चौरस मीटरच्या इमारतीत ईपीआय १८० ऐवजी १०० असेल तर वर्षाला ८ लाख युनिट वाचतात. युनिटला १२ रुपये धरले तर ९६ लाख रुपये. एवढ्या बचतीतला काही वाटा भाड्यात मागायला मालकाला संकोच वाटायचं कारण नाही. तिसरी: केंद्रीय चिलर असेल तर प्रत्येक ऑफिसला आणि गाळ्याला बीटीयू मीटर, म्हणजे घेतलेला थंडावा मोजणारा मीटर. थंडावा चौरस फुटावर वाटला की रविवारी बंद असलेलं ऑफिस शेजाऱ्याच्या सर्व्हर रूमचे पैसे भरतं, आणि बचत करायची इच्छा कोणालाच उरत नाही.

आमची इमारत आधीच उभी आहे. आता काय करता येईल?

फोडतोड न करता बरंच. पश्चिमेच्या काचेला बाहेरून जाळी किंवा उभ्या पट्ट्या लावा. आतला पडदा उष्णता आत आल्यावर अडवतो, बाहेरचा येण्याआधी. गच्ची पांढरी करा, पण दहा मजल्यांत त्याचा फायदा वरच्या एकाच मजल्याला आहे हे लक्षात ठेवा. पंपांना व्हीएफडी, पार्किंगला सेन्सर, गाळ्यांना दारावर एअर कर्टन.

यातलं काहीही करण्याआधी एक काम फुकटात होतं. कामाच्या एखाद्या दिवशी रात्री अकरा वाजता, दुकानं बंद झाल्यावर, कॉमन मीटरचं आणि जमल्यास प्रत्येक मजल्याचं रीडिंग घ्या. सकाळी सहाला पुन्हा घ्या. मधल्या सात तासांत इमारतीत वॉचमनशिवाय कोणी नव्हतं. तरी जे युनिट पडले, ते कशाकशात गेले याची यादी टॉर्च घेऊन मजल्यामजल्यावर फिरून करा: चालू राहिलेला एएचयू (मजल्यावर थंड हवा खेळवणारं यंत्र), तळघरातले पंखे, बँकेची पाटी, रिकाम्या केबिनचा कॅसेट एसी, सारखा भरत राहणारा गळका पंप. त्यातलं जे बंद करता येईल ते त्याच आठवड्यात बंद करा, आणि पुढच्या महिन्याच्या बिलासोबत ही यादी नोटीस बोर्डवर लावा.